‘मॅक्बेथ’ बसवताना: हौशी संघासाठी संहितेपासून तिसऱ्या घंटेपर्यंत

गोव्यातल्या गावाला नाटक बसवायला शिकवावे लागत नाही. जत्रा, काला, शिगमो, देवळाचा वर्धापनदिन, निमित्त कोणतेही असो, संघ उभा राहतो, मंडप पडतो, रंगवलेले पडदे येतात. तरीही शेक्सपिअरची शोकांतिका घेतली की नवे संघ हटकून अडखळतात. सामाजिक किंवा ऐतिहासिक नाटकात ज्या सवयी चालून जातात, त्या इथे नडतात: मोठा आवाज, दर प्रवेशाला काळोख, शेवटच्या आठवड्यात येणारी नायिका, पाठांतराची भिस्त प्रॉम्प्टरवर. पुढचे मार्गदर्शन ‘मॅक्बेथ’ समोर ठेवून लिहिले आहे. ‘ऑथेल्लो’ किंवा ‘लिअर’ घेतलेत तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू होतील.

पहिल्या प्रयत्नाला ‘मॅक्बेथ’च का? शेक्सपिअरच्या शोकांतिकांत हे सर्वांत आटोपशीर नाटक. ‘हॅम्लेट’ जवळजवळ दुप्पट लांब आहे आणि त्याला कात्री लावणे हे अनुभवी माणसाचे काम. ‘ऑथेल्लो’त पात्रे कमी, पण सगळा भार दोघांवर, त्यातला एक जरी कच्चा निघाला तरी नाटक उभे राहत नाही. ‘मॅक्बेथ’ची गोष्ट (चेटकिणींच्या भविष्यवाणीने पेटलेला स्कॉटलंडचा सरदार बायकोच्या साथीने राजाला मारून गादी बळकावतो आणि शेवटी स्वतः मारला जातो) सरळ आहे, वेग आहे, गर्दीला काम आहे. आणि मुख्य म्हणजे यातला सर्वांत मोठा खून, राजा डंकनचा, प्रेक्षकाला दिसतच नाही. तो दाराआड होतो. प्रेक्षकाला दिसतात ते बाहेर आलेले हात आणि चेहरे. हे एकदा मनात पक्के केले की नेपथ्य, प्रकाश, रक्त, संगीत सगळ्यांचे निर्णय सोपे होतात: चेहरा दिसला पाहिजे, वाक्य कळले पाहिजे, बाकी सगळे त्यानंतर.

संहिता आणि परवानगी

मूळ शेक्सपिअरवर कुणाचाच हक्क उरलेला नाही, पण मराठी भाषांतरावर असतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क चालतो. वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ घ्यायचे तर हक्कदारांची लेखी परवानगी हवी, कारण ते 1999 मध्ये गेले. शि. म. परांजपे 1929 मध्ये गेले. त्यांचे ‘मानाजीराव’ हे ‘मॅक्बेथ’चे रूपांतर मोकळे आहे. देवलांचे ‘झुंझारराव’ (‘ऑथेल्लो’वरून) आणि आगरकरांचे ‘विकारविलसित’ (‘हॅम्लेट’वरून) हीही मोकळीच. मात्र या जुन्या रूपांतरांची भाषा आजच्या नटाच्या जिभेवर सहज बसत नाही, हे वाचून बघितल्याशिवाय ठरवू नका. संघातल्या कुणाचे मराठी आणि इंग्रजी दोन्ही पक्के असेल तर मुळावरून नवी रंगावृत्ती करणे हा चांगला मार्ग आहे. त्याला दोन महिने वेगळे धरा. दुसऱ्याच्या भाषांतरातली वाक्ये उचलून ‘आपली’ रंगावृत्ती करू नका. स्पर्धेसाठी नाटक करणार असाल तर प्रवेशिका भरण्याआधी आयोजकांचे वेळेचे आणि परवानगीपत्राचे नियम वाचा.

कात्री लावण्याआधी संपूर्ण संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचा. बसून वाचायला जेवढी मिनिटे लागतात, त्यात हालचाल, लढाई आणि शांततेचे 20 ते 25 टक्के मिळवा. मध्यंतर सोडून सव्वादोन तासांत नाटक बसले पाहिजे. देवळाच्या आवारात किंवा उघड्या मंडपात प्रयोग असेल तर याला आणखी एक कारण आहे: ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद. उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. तुमचा दिवस त्यात आहे की नाही हे आधी विचारा. सूट नसेल तर साडेसातची घंटा म्हणजे साडेसातच. आरती, पालखी, सत्कार आणि भाषणे यांची वेळ देवस्थान समितीशी बोलून लिहून घ्या. शेवटचा अंक सत्कारात वाया गेलेली नाटके कमी नाहीत.

कापायला सोपे ते आधी कापा. तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश, चेटकिणींच्या देवीचा, हेकटीचा, अख्खा गेला तरी चालतो. तो दुसऱ्या हाताने मागाहून घातला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाचव्या अंकातल्या मेन्टीथ, केथनेस यांच्या प्रवेशाची गरज नाही. त्यातली दोन-चार माहितीची वाक्ये लेनॉक्सला द्या. चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश, इंग्लंडमधला, सगळ्यात लांब आहे. डंकनचा मुलगा माल्कम सरदार मॅक्डफची परीक्षा घेतो तो भाग एक तृतीयांशावर आणा, आजार बरे करणाऱ्या राजाचा उल्लेख काढा, पण मॅक्डफला बायकापोरे मारल्याची बातमी कळते तिथून पुढे एक शब्दही हलवू नका.

द्वारपालाचा प्रवेश मात्र कापू नये. नवे दिग्दर्शक तो ‘विनोदी भरती’ समजून उडवतात आणि प्रयोगाच्या दिवशी फसतात. खून करून मॅक्बेथ रक्ताळलेल्या हातांनी आत जातो आणि पुढच्याच प्रवेशात झोपेतून उठल्यासारखा स्वच्छ बाहेर येतो. मधला सगळा वेळ म्हणजे द्वारपालाची बडबड, तीन-साडेतीन मिनिटे. ती गेली की नटाला हात धुवायला अर्धा मिनिटही राहत नाही.

माणसे

16 जणांत हे नाटक नीट होते. मॅक्बेथ, लेडी मॅक्बेथ, मॅक्डफ, माल्कम, रॉस आणि लेनॉक्स यांना दुसरी भूमिका देऊ नका. बाकीच्यांची जोडणी अशी:

- डंकन करणारा पाचव्या अंकात वैद्य होतो. मधे भरपूर वेळ.
- बँक्वो (मॅक्बेथ ज्याला मारवतो तो सरदार) करणारा चौथ्या अंकातल्या भुतानंतर म्हातारा सीवर्ड होतो. दाढी बदलायला हवी.
- घायाळ शिपाई, द्वारपाल आणि सेटन एकच नट.
- लेडी मॅक्डफ पुढे झोपेत चालण्याच्या प्रवेशात दासी होते.
- डोनलबेन पुढे तरुण सीवर्ड.
- तीन चेटकिणींपैकी दोघी मारेकरी होऊ शकतात.
- फ्लिअन्स (बँक्वोचा मुलगा) एक मुलगा, मॅक्डफचा मुलगा दुसरा.

शेवटच्या दोन ओळी जरा उलगडून सांगायला हव्यात. चेटकीण करणाऱ्या बाईला लेडी मॅक्डफही द्यावी असे स्त्री-कलाकार कमी असताना वाटते. चौथ्या अंकात चेटकिणी अदृश्य झाल्यावर जेमतेम दीड मिनिटात लेडी मॅक्डफचा प्रवेश सुरू होतो. रंग पुसून, केस बांधून, लुगडे-झगा बदलून येणे शक्य नाही. त्याच चेटकिणीला मारेकरी व्हायला मात्र आणखी चार मिनिटे मिळतात, ती पुरतात. आणि दोन्ही मुलगे एकाच पोराने केले तर मॅक्डफच्या मुलाला मारले जाते तेव्हा मागच्या रांगेला वाटते, फ्लिअन्स मेला. फ्लिअन्स निसटला यावर तर बँक्वोचे वंशज राजे होतील ही भविष्यवाणी टिकते. लहान मुलाचे काम संपले की त्याला घरी पाठवायची सोय आधीच करा.

भूमिका वाटताना पहिले नाव लेडी मॅक्बेथचे ठरवा. जत्रेच्या नाटकाला स्त्री-भूमिकेसाठी बाहेरून मानधनावर कलाकार बोलावायची पद्धत अनेक गावांत आहे, आणि त्या कलाकार शेवटच्या दोन-तीन तालमींना येऊन आपले काम चोख करतात. इथे तसे करता येत नाही. पहिल्या अंकाचा सातवा आणि दुसऱ्याचा दुसरा हे प्रवेश नवराबायकोचे आहेत. दोघे अर्धी वाक्ये एकमेकांच्या तोंडातून घेतात. निदान 20 तालमी दोघांनी एकत्र केल्या नाहीत तर ती दोन माणसे वेगवेगळी भाषणे करताना दिसतात. बाहेरची कलाकार घेतलीत तर मानधन तालमींसकट ठरवा आणि येण्याजाण्याची सोय करा. गावातली शिक्षिका, बँकेतली कर्मचारी, कॉलेजची मुलगी रोज येणारी असेल तर थोडी कमी तयारीची असली तरी तिला घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मॅक्बेथ निवडताना धिप्पाड शरीर आणि भारदस्त आवाज बघून फसू नका. त्याला एका जागी उभे राहून, हात न हलवता, विचार करता आला पाहिजे. निवडीच्या दिवशी खंजिराचे स्वगत खुर्चीत बसवून, हलक्या आवाजात वाचायला लावा. जो वाचताना पुढचा विचार शोधतो तो माणूस तुमचा.

तालमीचे दिवस

12 आठवडे, आठवड्याला चार संध्याकाळी, दर खेपेला अडीच तास. म्हणजे साधारण 120 तास. गोव्याचे पंचांग बघून सुरुवात करा. चतुर्थीत कुणी मिळत नाही. दिवाळीआधीचे दोन आठवडे गावातले सगळे तरुण नरकासुराचे पुतळे करण्यात गुंतलेले असतात, त्यांना ओढून आणलेत तर अर्धे लक्ष तिकडेच. तुळशीच्या लग्नानंतर नारळ फोडलात तर फेब्रुवारीतल्या प्रयोगाला वेळ पुरतो.

पहिले दोन आठवडे उभे राहायचेच नाही. गोल बसून वाचन. दर वाक्याला नटाने साध्या बोलीत, कोकणीत सांगितले तरी उत्तमच, आपण काय म्हणतो आहोत ते सांगावे. सांगता आले नाही तर ते वाक्य प्रेक्षकालाही कळणार नाही. याच काळात उच्चार धरा. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि हौशी नट वाक्याच्या शेवटी आवाज सोडतो. त्यामुळे ‘मी त्याला मारले’ आणि ‘मी त्याला मारणार’ यातला फरक पाचव्या रांगेपलीकडे पोचत नाही. क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. कोकणी बोलणाऱ्या आपल्या जिभेवर शब्दाच्या शेवटचा महाप्राण गळतो, ‘वाघ’चा ‘वाग’ आणि ‘दूध’चे ‘दूद’ होते. लेडी मॅक्बेथच्या तोंडी दुधाचा उल्लेख दोन मोक्याच्या ठिकाणी आहे, तेव्हा हे पहिल्या आठवड्यातच सुधारा. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा त्याची खूण प्रत्येकाच्या नकलेवर, म्हणजे त्याच्या वाक्यांच्या प्रतीवर, हवी.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हालचाली बसवा. जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने रंगमंचाचे खरे माप आखून घ्या. शाळेच्या वर्गात बसवलेले नाटक मंडपात गेले की पसरते आणि नटांची पावले चुकतात. पाचव्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या दोन अंकांची नक्कल हातातून गेली पाहिजे, सातव्याच्या शेवटी सगळ्यांची. लढाईची तालीम चौथ्या आठवड्यापासून रोज 20 मिनिटे. नववा-दहावा आठवडा अंकाअंकाने न थांबता, अकरावा पूर्ण नाटक, बारावा प्रकाश-ध्वनीसह आणि रंगीत तालीम. दोन रंगीत तालमी हव्यातच: पहिलीत वेश आणि रक्त फसते, दुसरीत दुरुस्ती कळते.

प्रॉम्प्टर पहिल्या उभ्या तालमीपासून एकच ठेवा. त्याच्या प्रतीत प्रत्येक हेतुपूर्वक घेतलेल्या विरामावर लाल खूण हवी. बँक्वोचे भूत दिसल्यावर मॅक्बेथ गप्प होतो, तिथे विंगेतून पुढचे वाक्य ऐकू आले तर नाटक तिथेच मेले.

एक रंगमंच, काळोख नाही

या नाटकात सुमारे 28 प्रवेश आहेत. प्रत्येकानंतर अर्ध्या मिनिटाचा काळोख धरला तर साडेतेरा मिनिटे प्रेक्षक अंधारात सामान हलवण्याचे आवाज ऐकतो, आणि दर वेळी ताण सुटतो. म्हणून महाल-जंगल-रस्ता असे पडदे बदलण्याचा मोह सोडा. एकच रचना शेवटपर्यंत ठेवा: मागे मध्यभागी 8 फूट रुंद, 4 फूट खोल, 2 फूट उंचीची लेव्हल (लाकडी चौथरा), तिच्यापुढे त्याच मापाची 1 फुटाची, एका अंगाला खरे उघडणारे, जड वाटणारे दार. लेव्हलला 18 मिलिमीटरचा प्लाय आणि खाली दर दीड-दोन फुटांवर आडवी पट्टी द्या, नाहीतर चालताना पोकळ डमडम होते; वर जुने गोणपाट ताणून ठोकले की तोही आवाज मरतो. एक प्रवेश उजवीकडून बाहेर जात असतानाच पुढचा डावीकडून सुरू व्हावा. काळोख फक्त दोनदा: मध्यंतराला, म्हणजे मेजवानीच्या प्रवेशानंतर, आणि शेवटी.

रात्र दाखवायची म्हणून रंगमंच अंधारा करू नका. या नाटकात बहुतेक वेळ रात्रच आहे. चेहरा दिसेना की प्रेक्षकाला ऐकू येणेही कमी होते. समोरून दोन्ही बाजूंनी 45 अंशांवर मिळून सहा दिवे, मागून चार, बाजूंनी दोन-दोन. समोरचा प्रकाश निम्म्यावर आणा, बाजूचा वाढवा, नटाच्या हातात कंदील द्या, रात्र झाली. निळा फिल्टर जपून वापरा, कारण निळ्या उजेडात लाल रक्त काळे दिसते आणि मेहनत वाया जाते. खुनाच्या प्रवेशाला पिवळसर प्रकाश ठेवा. 15 प्रकाशबदल पुरे.

दार, दोन खंजीर आणि एक वाडगा

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश हे नाटकाचे काळीज, आणि तो विंगेत जिंकला किंवा हरला जातो. त्यासाठी एक माणूस फक्त रक्तासाठी नेमा, दुसरे कुठलेही काम त्याला देऊ नका.

क्रम असा. घंटा वाजते, मॅक्बेथ दाराआड जातो. लेडी मॅक्बेथ एकटी बोलते ते एक मिनिटसुद्धा नाही. तेवढ्यात रक्तवाल्याने दोन्ही खंजीर, जे आधीच माखून ताटात ठेवलेले असतील, त्याच्या हातात द्यायचे आणि रुंद ब्रशने तळहात, बोटांच्या बेचक्या आणि मनगटापर्यंत रक्त लावायचे. बाही कोपरापर्यंत आधीच दुमडलेली हवी. तो बाहेर येतो. खंजीर तिथेच ठेवायचे सोडून तो घेऊन आला आहे हे तिच्या लक्षात येईपर्यंत प्रेक्षकाला ते दिसू नयेत, म्हणून हात शरीराच्या आडोशाला, पोटाशी. मग ती ते घेऊन आत जाते. ती जाताच दारावर ठोठावणे सुरू होते, त्याच्या सात-आठ ओळी होतात आणि ती परत येते ती माखलेल्या हातांनी. म्हणजे रक्तवाल्याला दुसऱ्या खेपेला 35-40 सेकंद. दोघे आत गेले की लगेच कोमट साबणपाण्याची बादली, दुसरी साध्या पाण्याची, दोन ओले आणि दोन कोरडे पंचे. नखांच्या कडा शेवटी कापसाने. हे सगळे घड्याळ लावून निदान दहा वेळा करून बघा, मॅक्बेथच्या अंगरख्यासकट.

ठोठावणे ध्वनिफितीवरून नको. दाराच्या मागे दीड इंच जाडीची फळी भिंतीला न टेकवता धरून लाकडी मोगरीने ठोका. ठोठावणारा आणि मॅक्बेथ यांच्यातले अंतर तालमीत ठरते. फितीला नटाचा श्वास कळत नाही. लेडी मॅक्बेथची घंटा पितळी, हातातली, लहान असावी. देवळातल्या घंटेसारखा नाद आला तर आपल्या प्रेक्षकाचा हात नकळत जोडला जातो.

रक्ताचे दोन प्रकार करा. चेहऱ्यासाठी आणि तोंडाजवळ: बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे लिक्विड ग्लुकोज 200 मिलिलिटर, पाणी 50, लाल खाद्यरंग एक चमचा, कोको पावडर अर्धा चमचा आणि निळ्या खाद्यरंगाचे दोन-तीन थेंब. कोकोमुळे ते गुलाबी दिसत नाही आणि थोडे दाट होते. हातांसाठी आणि कपड्यांजवळ: तेच रंग, पण ग्लुकोजऐवजी पातळ हँडवॉश; पाणी लागले की सुटते. हे डोळ्यांत किंवा तोंडात जाता कामा नये. गोडाच्या बाटल्या घट्ट झाकणाच्या ठेवा, नाहीतर प्रयोगाच्या संध्याकाळी विंगेत मुंग्यांची रांग. प्रत्येक नटाच्या मनगटावर आदल्या आठवड्यात थेंब लावून त्वचेला त्रास होत नाही ना ते बघा.

भूत

बँक्वो मेला की दोन मिनिटांत तो मेजवानीत येऊन बसतो. एवढ्या वेळात डोक्यावरच्या जखमा रंगवणे होत नाही. एक वेगळा केसांचा टोप आधीच जखमा चिकटवून, वाळवून तयार ठेवा. विंगेत तो चढवायचा आणि कपाळावर ताजे रक्त ओढायचे, बस्स.

खरा नट दाखवावा की रिकाम्या आसनाकडे बघून मॅक्बेथने घाबरावे? आमचे मत, दाखवावा. उघड्या मंडपात मागे बसलेल्या माणसाला रिकामे आसन दिसतच नाही. पण त्याच्यावर हिरवा प्रकाश आणि खाली धूर नको. मॅक्बेथच्या आसनाची पाठ लेव्हलकडे ठेवा. सरदार उठून पेले उंचावतात, त्यांच्या पाठीआडून बँक्वो हळू चालत येऊन बसतो, सरदार खाली बसतात, आणि जागा भरलेली असते. सरदारांनी त्याच्याकडे चुकूनही बघायचे नाही, मॅक्बेथकडे बघायचे. या प्रवेशाची अर्धी भीती त्या आठ चेहऱ्यांवर आहे, म्हणून गर्दीलाही इथे दिग्दर्शन द्या.

चेटकिणींना खिदळू देऊ नका, शब्द जातात. तांब्याचे जुने भाण (पाणी तापवायचे भांडे) कढईऐवजी छान दिसते. धुराचे यंत्र असेल तर पंखे बंद ठेवून चार सेकंदांचे दोन फवारे, ते आधी तापवून ठेवावे लागते. पार्श्वसंगीताला घुमट (कातडे ताणलेले मातीचे वाद्य) आणि कासाळे (मोठ्या झांजा) वापरता येतात, सुंदर लागतात. मात्र रात्रीच्या दमट हवेत घुमटाचे कातडे उतरते, प्रवेशाआधी शेकून घ्या.

झोपेत चालणे

लेडी मॅक्बेथ हातात दिवा घेऊन येते आणि नंतर दोन्ही हात चोळते. दिवा ठेवायचा कुठे? हा प्रश्न रंगीत तालमीत सुचतो आणि मग ती तो वैद्याच्या हातात देते, जे अगदी चूक, कारण तिला वैद्य दिसत नाही. 1 फुटाच्या लेव्हलच्या कोपऱ्यावर जागा ठरवा, तिथे चिकटपट्टीची खूण करा. उघड्यावर खरी ज्योत वाऱ्याने विझते आणि झग्याला लागू शकते. उबदार पिवळा बॅटरीचा दिवा कंदिलात बसवा. वैद्य आणि दासी तिच्या मागे, एका बाजूला, हलायचे नाही. तिची वाक्ये तुटक आहेत, आधीच्या प्रवेशांचे तुकडे आहेत. ती रडत म्हणण्याची गरज नाही. प्रत्येक तुकडा मूळ प्रवेशातल्या त्याच सुरात म्हटला की पुरे.

तलवारी, फांद्या, डोके

घरातली खरी तलवार रंगमंचावर आणायची नाही, धार बोथट केलेली असली तरी नाही. अॅल्युमिनियमची जाड पट्टी 30 इंच, कडा आणि टोक कानशीने गोल करून, मूठ घट्ट बसवलेली. लढाई नाचासारखी आकड्यांत बसवा: शेवटच्या द्वंद्वाला 10 ते 12 वार, प्रत्येकाला क्रमांक, रोख खांद्याकडे किंवा कमरेकडे, चेहऱ्याकडे कधीच नाही. दोघांत हात, तलवार आणि वर एक वीत एवढे अंतर. प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी एकदा अर्ध्या वेगाने, एकदा पाऊण वेगाने करायचीच. डिसेंबर-फेब्रुवारीत उघड्या मंचावर दव पडते आणि प्लाय निसरडा होतो. पाचव्या अंकाआधी कोरड्या फडक्याने मंच पुसायला माणूस ठेवा आणि पायात रबरी तळाचे जोडे.

चालत्या रानासाठी, म्हणजे फांद्यांआड चालून येणाऱ्या शिपायांसाठी, आंब्याच्या डहाळ्या घ्या, त्याच दुपारी काढलेल्या, संध्याकाळपर्यंत बादलीत. दहा शिपायांना वीस. सुरूच्या फांद्या आणू नका, त्यांच्या काड्या गळून पुढच्या लढाईत पाय घसरतात. नारळाच्या झावळ्या लांब पडतात आणि स्कॉटलंड उरत नाही.

शेवटी मॅक्डफ मॅक्बेथचे डोके घेऊन येतो. रंगवलेला मुखवटा किंवा बाहुलीचे डोके दाखवले की हमखास हशा. जाड्याभरड्या कापडाची, बुडाशी रक्ताने भिजलेली पिशवी, आत चार किलो वाळू आणि चिंध्या. वजन खरे असले की नटाचा हात आपोआप खाली ओढला जातो आणि प्रेक्षक पिशवी उघडायला सांगत नाही.

वेश आणि आवाज

ड्रेपरीवाल्याकडून (भाड्याने वेश देणाऱ्याकडून) आलेले मखमली जरीचे अंगरखे आणि मंदिल घातले की स्कॉटलंडची नावे आणि मराठा दरबार यांची सरमिसळ होते. एक काहीतरी ठरवा. नावे मूळची ठेवणार असाल तर साधे खादीचे लांब अंगरखे, खांद्यावर घोंगडी, कमरेला चामडी पट्टा. घोंगडीचा आतला अर्धा भाग काढून हलकी करा, आपल्या उकाड्यात नट लढाईआधीच थकतो. मॅक्बेथ, मॅक्डफ, माल्कम ही नावे ऐकणाऱ्याच्या कानात मिसळतात, म्हणून प्रत्येकाच्या घोंगडीचा रंग शेवटपर्यंत एकच ठेवा.

माइक समोर जमिनीवर तीन, वर टांगलेले दोन. नट माइककडे सरकतो ही जुनी सवय तालमीतच मोडा. मडगाव, साखळी, कुडचडे किंवा वास्कोचे रवींद्र भवन, नाहीतर फोंड्याचे कला मंदिर अशा बंदिस्त नाट्यगृहात प्रयोग असेल तर रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो आणि माणसे भरल्यावर बसतो; रंगीत तालमीवरून आवाज ठरवताना थोडी वाढ हाताशी ठेवा. संघातला एक माणूस पहिला अंकभर शेवटच्या रांगेत उभा राहावा आणि ध्वनिवाल्याला खूण करावी.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी 2 ला मंच ताब्यात, 4 ला प्रकाश आणि माइक, 5 ला लढाई आणि रक्ताचा प्रवेश, साडेपाचला रंगभूषा, 7 ला नटराजपूजन. जनित्र असेल तर ते दिव्यांच्या भारासह चालवून बघा, नुसते सुरू होते एवढे पुरत नाही. प्रयोग संपल्यावर त्याच रात्री तलवारी आणि खंजीर मोजून पेटीत घाला, आणि रक्ताचे कपडे थंड पाण्यात भिजत टाका. गरम पाण्यात घातले तर खाद्यरंग सुतात पक्का होतो आणि दुसऱ्या प्रयोगाला डंकन डागाळलेल्या अंगरख्यात दरबारात येतो.